कोरडी

त्या वर्षी उन्हाळ्याने नुसता उच्छाद मांडला होता. विहिरीत वाकून बघितलं तर तळाशी गढूळ असं थोडं पाणी दिसायचं, आणि बादली खडकावर आपटून आपटून तेवढंच वर यायचं. दूधवालीच्या घरात त्या पाण्याचा मान ठरलेला होता. आधी गाई, मग दुधाचे कॅन, मग स्वयंपाक, मग माणसं. सगळ्यांचं आटोपल्यावर काही उरलंच तर भिंगरीच्या चादरी.

भिंगरी म्हणजे तिची लेक. नऊ वर्षांची झाली तरी पायावर उभी राहिली नव्हती, बसवली तर एका अंगाला कलायची. जन्मताना श्वास अडकला, मेंदूला इजा झाली, सेरेब्रल पाल्सी म्हणतात याला, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात ते नाव कुणी घ्यायचं नाही. हातपाय तिचं ऐकायचे नाहीत. मांड्या एकमेकींना अशा घट्ट आवळायच्या की कपडे बदलायला दोन बायका लागायच्या. बोलणं फुटलं नव्हतं. पण डोळे! घरात माशी शिरली तरी त्या डोळ्यांतून सुटायची नाही, म्हणून बापानेच नाव ठेवलं भिंगरी. 'हो' म्हणायचं असलं की ती डोळे वर न्यायची, 'नाही' म्हणायचं असलं की घट्ट मिटायची. भूक लागली? डोळे वर. झोपतेस? डोळे मिटले. एवढ्यावर सगळा कारभार चालला होता, आणि झकास चालला होता असं दूधवालीला वाटायचं.

फक्त ओलं करणं तेवढं थांबत नव्हतं. दिवसातून कितीदा, त्याला सुमारच नाही. बाजेवर चादर, चादरीखाली रबर, रबराखाली पोतं, तरी वास भिंतीत मुरायचा.

"तिला कळतच नाही गं," सासू म्हणायची. "कळलं असतं तर गप्प पडून राहिली असती का?"

दूधवालीनेही ते धरून ठेवलं होतं. कळत नाही म्हटलं की राग जरा कमी येतो. तरी यायचाच. शेणाने भरलेल्या हातांनी आत यावं आणि पोर पुन्हा ओली दिसावी, की तिच्या तोंडून निघायचंच, "झालं का परत? केलंस ना?" भिंगरी डोळे वर न्यायची. खोटं बोलणं तिला ठाऊकच नव्हतं.

या वर्षी मात्र एक नवल घडलं होतं. शाळेत नव्या बाई आल्या होत्या. त्या स्वतः घरी येऊन म्हणाल्या, "पाठवा हिला. बसेल तेवढी बसेल, शिकेल तेवढी शिकेल." सुताराने पट्टा लावलेली एक खुर्ची करून दिली. दूधवाला सकाळी मोटरसायकलला दुधाचे कॅन अडकवायचा, दूध घालून आला की रिकाम्या कॅनच्या मध्ये लाकडी खोका बांधायचा, खोक्यात उशी, उशीवर भिंगरी. "चला, आमची साहेबीण कचेरीला निघाली," असं तो रोज म्हणायचा आणि भिंगरी रोज हसायची. रोज! जणू पहिल्यांदाच ऐकतेय.

शाळेतून तिला आणायला दूधवाली जायची. तिथे फाटकाशी बाकीच्या आया उभ्या असायच्या. शाळेतली मदतनीस मावशी आतून यायची ती हात लांब करून, बोटांच्या चिमटीत प्लास्टिकची पिशवी धरून. पिशवीत ओले कपडे. "घ्या," ती सगळ्यांदेखत म्हणायची. "आजपण." बायका बाजूला सरकायच्या. सरकण्याइतकी काही ती पिशवी मोठी नसायची. दूधवाली मान खाली घालून ती घ्यायची आणि मनात मावशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

एके दिवशी बाईंनी तिला वर्गात बोलावलं. मुलं गेली होती. भिंगरीच्या खुर्चीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि ते भिजलं होतं.

"भिंगरीची आई, मला हिला सोडायचं नाहीये हो," बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "हजेरी घेताना हिचं नाव आलं ना, की काय आनंदाने ओरडते ही! पण मावशी म्हणतात, मी कपडे बदलणार नाही. आणि शाळेतच पाणी नाही धुवायला. वरून विचारणा झाली मला. थोडे दिवस बघू म्हणालेय. थोडी जरी सुधारणा दिसली तर मी भांडेन. नाहीतर..."

नाहीतरच्या पुढचं त्या बोलल्या नाहीत. दूधवालीला ते वाटभर ऐकू येत राहिलं. कडेवर भिंगरी, हातात पिशवी, डोक्यावर ऊन. भिंगरी मान वळवून वळवून शाळेकडे बघत होती.

घरी आल्या आल्या तिने जाहीर करून टाकलं, "उद्यापासून सकाळी हिला पाणी नाही."

"या उन्हात?" सासू उठूनच बसली. "वाळवून मारतेस का पोरीला?"

"मग काय करू? वरून ओतायचं आणि खालून पुसायचं? विहिरीत आहे का तेवढं? शाळेतून आली की द्या थोडं."

"मग दूध दे," सासू म्हणाली. "दूध म्हणजे काय दगड आहे? आटवून देते मी. दुधाच्या घरात पोर तहानलेली राहिली तर लोक तोंडात शेण घालतील."

हे मात्र सगळ्यांना पटलं. न पटायला काय झालं? त्या घराने आयुष्यभर दुधावरच विश्वास ठेवला होता. कुणी आजारी पडलं, दूध. बाळंतीण आली, दूध. हाड मोडलं तरी दूध. सासूने मंद चुलीवर दूध ठेवलं, ढवळून ढवळून निम्म्याच्याही खाली आणलं, आणि ते घट्ट, गोड, साय धरलेलं दूध भिंगरीला चमच्याने पाजायला सुरुवात केली. सकाळी दूध, दुपारी दूध, संध्याकाळी दूध. घास चावायला तिला त्रासच व्हायचा, तोही व्याप कमी झाला. भिंगरी मिटक्या मारायची.

पहिले काही दिवस नेहमीसारखेच गेले. मग एका दुपारी मावशी फाटकाशी आली ती रिकाम्या हाताने. दूधवाली पिशवीसाठी हात पुढे करून उभी.

"काय बघता?" मावशी म्हणाली. "नाही केलं आज."

"अजिबात?"

"अजिबात. कोरडी ठणठणीत."

दूधवालीने आत धाव घेतली. खुर्चीखालचं वर्तमानपत्र चाचपलं. कोरडं. पोरीचे कपडे चाचपले. कोरडे! तिने भिंगरीला उचलून घेतलं, तिच्या गालांचे, कपाळाचे, हाताला लागेल त्याचे मुके घेतले, आणि भर वर्गात तिला घेऊन गोल गोल फिरली. "माझी गुणाची बाय! माझी शहाणी ती! बाई, बघितलंत का हिला?" बाई हसत होत्या. भिंगरी तर अशी हसत होती की तिला उचकी लागली.

वाटेत शिंपीणकाकूच्या मशीनपाशी थांबून दूधवालीने तिला सांगितलं. किराणावाल्याला सांगितलं, त्याचा काहीएक संबंध नसताना. घरी आल्यावर गाईंनाही सांगितलं. त्या दिवशी धार काढताना ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी. तिसऱ्याही. घरी आली की दूधवाली दारातूनच ओरडायची, "कोण आलं? कोरडी राणी आली!" सासू बोटं मोडून दृष्ट काढल्यासारखं करायची, बाप संध्याकाळी आला की टाळी द्यायचा, म्हणजे तिच्या आवळलेल्या मुठीवर आपला पंजा टेकवायचा. चादरींचं पाणी वाचलं ते गाईंना गेलं. बाई म्हणाल्या, आता पुढच्या वर्षीही हिची जागा पक्की. घराला नऊ वर्षांत असे दिवस आले नव्हते.

सकाळी उठवल्यावर एकदा आणि झोपायच्या आधी एकदा ती थोडीशी शू करायची, तीही काळपट आणि उग्र वासाची. "उन्हाळा आहे," सासू म्हणाली. शी तर कितीतरी दिवसांत झाली नव्हती, पण ती कधी वेळेवर व्हायची? बसून राहणारं पोर, त्याला काय व्हायचंय, असंच सगळे धरून चालले होते. उलट भिंगरीचं पोट दिसू लागलं होतं. आजवर बरगड्या मोजता याव्यात अशी पोर, आता झग्याखाली पोट गोल दिसायचं. सासूने शिंपीणकाकूला हाक मारून दाखवलं. "बघ, अंग धरलं की नाही? आमच्या दुधाची ताकद आहे ही."

आणि शिंपीणकाकूने त्या पोटावरून हात फिरवून "दृष्ट लागेल बाई," म्हटलं. भिंगरीने तेव्हा डोळे घट्ट मिटले होते. लाजली, असं तिघींनाही वाटलं.

तो दिवस उजाडला तोच कोंडून आल्यासारखा. सकाळी अडून बसलेल्या तांबड्या गाईखाली दूधवाली पुन्हा बसली होती. गाईने नुकताच पान्हा सोडला होता, बादलीत धार वाजत होती, आणि मोटरसायकल परत आल्याचा आवाज आला. इतक्यात? शाळा तर लांब होती. मग दूधवाल्याची हाक आली, आणि त्या हाकेने गाईसुद्धा बिचकली. तो माणूस कधी आवाज चढवणारा नव्हता.

तो खोक्यातून भिंगरीला उचलत होता. पोरीचं तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं, ओठ थरथरत होते, अंग तव्यासारखं तापलं होतं. आणि खोक्यातली उशी ओली होती. झग्यातून थेंब थेंब गळतच होतं, थांबत नव्हतं.

आता ऐका, तेव्हा त्या आईच्या तोंडून काय निघालं. "केलंस? इतक्या दिवसांनी आज पुन्हा केलंस?"

"अगं, डोळे फुटले का तुझे?" दूधवाला किंचाळला. "पोर मरायला लागलीय!"

ती तशीच धावली, हाताला दुधाचा फेस लागलेला. बादली मागे गाईच्या लाथेने लवंडली ते तिने बघितलंही नाही. मोटरसायकलवर ती मागे बसली, भिंगरीला छातीशी आवळून. रस्त्यात खड्डा आला आणि पोरीच्या घशातून असा आवाज निघाला की दूधवालीने तिला मांडीवरून अलगद वर उचलून धरलं.

"हाच आवाज," दूधवाला पुढून म्हणाला. "गेले कितीतरी दिवस खड्ड्यात गाडी गेली की ती हाच आवाज काढतेय. मला वाटायचं हसतेय. मी मुद्दाम खड्ड्यातून घालायचो गं. हसावी म्हणून."



दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या पोटावर हात ठेवला आणि हात तिथेच थांबला. त्यांनी बोटाने बेंबीच्या वर एक रेघ दाखवली. "इथपर्यंत लघवी भरलीय. शेवटची व्यवस्थित कधी झाली?"

"आत्ताच झाली," दूधवाली म्हणाली. "गळतेय ना! उशी भिजली सगळी."

"ती झालेली नाही. ती भरून सांडतेय."

सिस्टरने पडदा ओढला. नळी घालताना भिंगरीचे पाय लाकडासारखे झाले. दोन्ही बाजूंनी धरावे लागले. मग नळीतून लघवी उतरायला लागली. काळ्या चहासारखी. पिशवीत पडायला लागली आणि पडतच राहिली. दूधवालीची नजर मापाची, आयुष्यभर दूध मापलेलं. एवढंसं ते पोट, त्यात किती मावावं? तिला वाटलं आता थांबेल. थांबलं नाही. आता तरी. छे! सिस्टरने पिशवी हलवून बघितली आणि दुसरी पिशवी आणायला वळली. दूधवाली पलंगाचा दांडा धरून खाली बसली.

सोनोग्राफी झाली, रक्त झालं. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. सासूही तोवर शिंपीणकाकूच्या मुलाच्या रिक्षातून येऊन पोचली होती.

"हिचा कोठा पूर्ण भरलाय. शी दगडासारखी झालीय, आणि त्या शीने लघवीची वाट दाबून धरलीय. त्यात पाणी कमी. त्यात अशा मुलांचं अंग आखडतं, मनात असून सुटत नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू झालेत, आणि ती मागे मूत्रपिंडापर्यंत चढलीय. आठवडाभर उशीर केला असता तर काय झालं असतं ते मी सांगत बसत नाही. काय खायला देता?"

"खायला कमीच, पण दूध भरपूर देतो," सासू पुढे होऊन म्हणाली. "आटवलेलं. घरचं."

"किती?"

सासूने सांगितलं. सांगताना आवाजात जरा अभिमानच होता, सवयीचा.

"आजी, त्या दुधानेच कोठा बांधला हिचा. पाणी नाही, चावून खाणं नाही, नुसतं घट्ट दूध."

सासूचं तोंड उघडं राहिलं. "दुधानं?" ती म्हणाली. "आमच्या दुधानं?" तिने सुनेकडे बघितलं, लेकाकडे बघितलं, कुणीतरी डॉक्टरला खोटं पाडावं म्हणून. मग ती हळूच भिंतीला टेकली. "मी स्वतःच्या हाताने ढवळत होते गं," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाई भिंगरीपाशी गेल्या. ताप थोडा उतरला होता. "ही 'हो' कसं म्हणते?"

"डोळे वर नेते," दूधवाला म्हणाला.

डॉक्टरीणबाई तिच्या तोंडाजवळ वाकल्या. "बाळा, शू येते तेव्हा तुला कळतं?"

दूधवाली म्हणणारच होती, नाही हो, तिला कुठलं कळतंय. तेवढ्यात भिंगरीचे डोळे वर गेले.

"यायच्या आधी कळतं?"

डोळे वर.

"नेहमी?"

वर.

"तू मुद्दाम रोखून धरत होतीस? शाळेत?"

डोळे पुन्हा वर. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि सरळ झाल्या. "हिला सगळं कळतं. घरी हिला आधी विचारता ना?"

आधी? दूधवाली डोकं धरून आठवायला लागली. ती रोज विचारायची. हजारदा विचारलं असेल. झालं का? केलंस का? ओली आहेस का? पण आलीय का, असं? करायचीय का, असं? नऊ वर्षांत एकदाही नाही. कुणीच नाही. आजीने नाही, बापाने नाही, शाळेतल्या बाईंनी नाही. भांडंसुद्धा कधी दाखवलं नव्हतं पोरीला. कळत नाही असं ठरवून सगळे मोकळे झाले होते, आणि ती तिथे पडून रोज स्वतःच्या कानांनी ऐकत होती, 'तिला कळतच नाही गं.'

"आई गं," दूधवाली म्हणाली.

पुढचे दिवस दवाखान्यातच गेले. सुया, एनिमा, औषधं, आणि पाणी. चमच्या-चमच्याने पाणी. दूधवाला गाई सांभाळून दिवसाआड येत राहिला. शाळेच्या बाई एकदा येऊन गेल्या, आणि शाळेत भिंगरीला आधी विचारायचं, वेळेवर बसवायचं, हे आपण स्वतः बघू म्हणाल्या. मावशीने बाईंबरोबर एक धुतलेला झगा पाठवला होता, मागे कधी तरी शाळेत राहिलेला. घडी घातलेला.

मग नळी काढली. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगून ठेवलं, "आता तिची तिला झाली पाहिजे. दुपारपर्यंत झाली तर घरी जा. नाही झाली तर पुन्हा नळी, आणि मग नळीबरोबरच घरी जायचं. रोज तुम्हालाच घालावी लागेल, दिवसातून कितीदा तरी. मी शिकवीन."

"आणि शाळा?"

"ते मग बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दूधवालीने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पेला भरून पाणी पाजलं. भांड्याची खुर्ची आणली, पायाखाली खोकं ठेवलं, पोट पुढे झुकवून भिंगरीला धरून बसवलं. सिस्टरने नळ सोडून ठेवला, पाण्याचा आवाज ऐकून होते म्हणे. दूधवाला पडद्याबाहेर उभा राहून म्हणाला, "साहेबीण, आटपा, मोटरसायकल खोळंबलीय." भिंगरी हसली, पण झालं काहीच नाही. तिच्या मांड्या आवळलेल्या त्या आवळलेल्याच. पुन्हा पाणी, पुन्हा बसवलं. ऊन खिडकीतून पलंगावर आलं. पोट पुन्हा वर दिसायला लागलं.

सिस्टर दोनदा डोकावली. तिसऱ्यांदा ती नळीचं पाकीट घेऊनच आली आणि ते टेबलावर ठेवलं. "आणखी थोडा वेळ बघा. मग मला घालावीच लागेल."

दूधवालीने भिंगरीला खुर्चीवरून उचललं आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिला मांडीवर घेतलं. गाय घाबरली की दूध चोरते, हे तिला अंधारातसुद्धा नुसत्या हाताला कळायचं. कासेला हात लावल्याबरोबर कळायचं की हिच्या मनात काही आहे. आणि ही पोटची पोर. हिच्या मनात काय आहे ते तिला कधीच कळलं नव्हतं. तिने मन घट्ट केलं आणि विचारायला बसली.

"आलीय ना?"

डोळे वर.

"दुखतंय का सोडताना?"

मिटले.

"मग सोड की, बाळा. सिस्टरची भीती वाटते? नळीची?"

मिटले.

पुढचा प्रश्न दूधवालीला ठाऊक होता आणि त्याचं उत्तरही ठाऊक होतं. "माझी भीती वाटते? मी ओरडते म्हणून?"

भिंगरीने तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. घट्ट.

नाही? दूधवाली गोंधळून गेली. ओरडा खाऊन खाऊन पोर घाबरली असणार, असं तिने इतके दिवस धरलं होतं. त्यासाठी माफी मागायचीही तयारी केली होती. "मग... ओलं केलं तर शाळेतून काढतील म्हणून?"

भिंगरी विचार करत होती असं वाटलं. मग डोळे मिटले.

आता विचारायला काहीच उरलं नव्हतं. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं. दूधवालीने लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि काही सुचेना म्हणून उगीच म्हणाली, "मग काय गं? कोरडी राहिलीस की मी खूश व्हायचे... म्हणून?"

भिंगरीचे डोळे वर गेले. आणि वरच राहिले. पापणीसुद्धा हलेना. आईने चुकून दुसरं काही ऐकू नये, असे ते वर राहिले.

भीतीने केलं असतं तर बरं होतं! मारलं असतं, उपाशी ठेवलं असतं, तर त्याची शिक्षा तिने भोगली असती. पण हे? ते दारात ओरडणं, ते मुके, ते गोल गोल फिरणं? तेवढ्यासाठी हे लेकरू दिवसेंदिवस पोटात आग दाबून बसलं होतं? मूत्रपिंडं जायची वेळ आली तरी? आई हसते, म्हणून?

"सोड," ती म्हणाली. "इथेच सोड. माझ्या मांडीवर. मला कोरडी नको. भिजव मला, माझे आई. सगळी भिजव."

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग मांडीवरचं ते ताठ अंग हळूहळू सैल पडायला लागलं. आणि मग तिच्या मांडीवर गरम गरम पसरलं, कपड्यांतून झिरपलं, खुर्चीवरून ओघळून फरशीवर गेलं. बराच वेळ होत राहिलं. दूधवाली हललीसुद्धा नाही.

पडद्यापलीकडून सिस्टर ओरडली, "काय, झाली का?"

दूधवालीला हसायचं होतं. आत्ता, या क्षणाला तिला हसायलाच हवं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तोंड वाकडं व्हायला लागलं आणि काही केल्या सरळ होईना. भिंगरी मान उचलून, डोळे न हलवता, तिच्या तोंडाकडे बघत होती.